उरलेल्या चार गोळ्या

आमच्या घरी औषधांचा डबा म्हणजे अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा. झाकणावर सासूबाईंनी (मी त्यांना आत्या म्हणते) स्केचपेननं 'औषद' असं लिहून ठेवलंय. कापलेल्या स्ट्रिपा, डोळ्यांत घालायचे थेंब, गुडघ्याचं मलम, खोकल्याच्या कुठल्यातरी जुन्या बाटलीचं मापाचं टोपण, असं काय काय त्यात पडलेलं असतं. माझ्या दोन आजारपणांचा उलगडा शेवटी या डब्यातून झाला, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

आजाराचं नाव आधीच सांगून टाकते. औषधामुळं होणारा अ‍ॅसेप्टिक मेनिंजायटिस. मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज येते, लक्षणं सगळी मेंदूज्वराची, पण पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाही. फार क्वचित होतं हे. मला दोनदा झालं, आणि दुसऱ्या वेळी कळलं की पहिल्या वेळीही तेच होतं. मी डॉक्टर नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत हिशेब बघते. कारखान्याचा पै-पैचा हिशेब ठेवणारी मी, स्वतःच्या पोटात गेलेल्या गोळ्यांचा मात्र ठेवला नव्हता.

जुलै २०२४ चा शेवटचा आठवडा. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तो आठवडा. घरात सगळ्यांचे डोळे पाणी किती फुटांवर आलं याच्यावर, आणि मला लघवीला जळजळ सुरू झालेली. बायकांच्या बाबतीत यात नवल काही नाही. ऑफिसात पाणी कमी प्यायचं, तिथलं टॉयलेट टाळायचं, मग हे ठरलेलं. मंगळवारी, २३ तारखेला, गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी को-ट्रायमोक्साझोल लिहून दिली, डबल स्ट्रेंथची, सकाळ-संध्याकाळ एक, पाच दिवस. दहा गोळ्यांची अख्खी स्ट्रिप. लघवीचं कल्चर (जंतू वाढतो का, कुठला, ते बघायची तपासणी) करून घ्या असंही म्हणाले. पावसात लॅबपर्यंत कोण जातंय म्हणून मी ते टाळलं.

त्या रात्री पहिली गोळी घेतली. बुधवारी जळजळ निम्म्यावर आली. गुरुवारी संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. पावसात भिजल्यानं असेल म्हणून आलं घालून चहा केला, तो अर्धा प्याले आणि उलटी झाली. रात्री ताप १०२. डोकं कसं दुखत होतं ते सांगायला मला अजून नीट शब्द सापडत नाही. माझं अर्धशिशीचं डोकं मला पाठ आहे, ते एका बाजूनं ठणकतं. हे आतून सगळीकडनं दाबत होतं, आणि मान हलवली की पाठीच्या कण्यातून खालपर्यंत ओढ बसत होती. शुक्रवारी सकाळी मी सहावी गोळी घेतली, कारण कोर्स पूर्ण करायचा असतो हे मला माहीत होतं. ती पोटात टिकली का नाही कोण जाणे. आत्यांनी स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि मी डोळ्यांवर पदर घेतला. त्या म्हणाल्या, "बाई गं, हनुवटी छातीला टेकव बघू." टेकेना. त्यांच्या माहेरी लहानपणी कुणाला तरी मेंदूज्वर झाला होता, तेवढ्यावरून त्यांना हे माहीत. त्यांनी लगेच नवऱ्याला ऑफिसातून बोलावलं आणि रिक्षा आणायला पोराला पिटाळलं. ताप, कधी न दुखलेलं असं डोकं आणि न वाकणारी मान, ही तीन एकत्र आली की दवाखान्यात जायचंच, मग त्याचं कारण पुढं काहीही निघो. एवढं एक लक्षात ठेवा, बाकी लेख विसरलात तरी चालेल.

ज्या खासगी हॉस्पिटलात नेलं तिथं कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, "यांना काही गोळ्या चालू आहेत का?"

नवरा म्हणाला, "नाही, बीपी-शुगर काही नाही तिला."

यात खोटं काही नव्हतं. आपल्याकडं 'गोळ्या चालू' म्हणजे जन्माच्या गोळ्या. बीपीची, शुगरची, थायरॉइडची. पाच दिवसांची लघवीची गोळी ही काय 'चालू' नसते, ती संपणारी असते. मी स्ट्रेचरवर डोळे मिटून पडलेली, मीही काही बोलले नाही. जळजळ थांबलीच होती, ती माझ्या डोक्यातूनही गेली होती. त्या एका वाक्यानं आमचं उत्तर साडेआठ महिने लांबलं.

डिपॉझिट २० हजार, मेडिक्लेमचं कार्ड, आधारची झेरॉक्स. मग एमआरआय. संध्याकाळी पाठीतलं पाणी काढायचं ठरलं. या पाणी काढण्याची आपल्याकडं फार धास्ती. पायातली ताकद जाते, कायमची पाठ धरते, असं बाहेरच्या बाकावर बसून लोक नवऱ्याला सांगत होते. माझ्या अनुभवात ते असं झालं: कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घेऊन मुटकुळं करायला सांगितलं (मान वाकत नसताना हेच सगळ्यात अवघड), कमरेच्या जरा वर बोटांनी मणके चाचपले, भूल दिल्याचं इंजेक्शन मुंगी चावल्यासारखं झोंबलं, आणि नंतर नुसता दाब जाणवला. मज्जारज्जू त्या जागेच्या वरच संपलेला असतो, म्हणून सुई तिथं घालतात, असं डॉक्टर काम करता करता सांगत होते. सिस्टरनी माझे खांदे धरलेले. थेंब थेंब पाणी तीन छोट्या बाटल्यांत पडलं. मला तर ते नितळच दिसलं. वीस मिनिटं लागली असतील. त्याच वेळी हाताचं रक्तही घेतलं, कारण पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेशी ताडून बघावी लागते.

रात्री आकडे आले. पेशी ३१० (पाचपर्यंत चालतात), त्यातल्या सत्तर टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. प्रोटीन ९६, म्हणजे दुप्पट. साखर ६२, आणि रक्तातली १०४, म्हणजे ती नॉर्मल. न्यूट्रोफिल जास्त म्हटलं की जंतूंचा मेंदूज्वर असण्याची भीती. साखर चांगली म्हटलं की तो नसण्याची आशा. शिवाय आपल्याकडं टीबीचा मेंदूज्वर डोक्यात ठेवावाच लागतो, त्यामुळं पाणी सीबीनाट या टीबीच्या तपासणीलाही गेलं. नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूसाठी वेगळी तपासणी बाहेरगावी गेली, तिचेच सात हजार. तोवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, व्हँकोमायसिन, असायक्लोव्हिर अशा बाटल्या एकापाठोपाठ.

आणि मी दुसऱ्याच दिवशी बरी व्हायला लागले. रविवारी ताप नाही. सोमवारी कल्चर कोरं आलं, टीबी नाही, विषाणू नाही. बुधवारी, ३१ जुलैला घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर 'व्हायरल मेनिंजायटिस असावा' असं. एकूण बिल ८४ हजार, कॅशलेस झालं, वरचे साडेचार हजार आम्ही भरले. सगळे म्हणाले, थोडक्यात वाचलीस. जोतिबाला नारळ फोडून आलो.

आणि आत्यांनी त्या शुक्रवारीच, मला रिक्षात घातल्यावर, उशाजवळची स्ट्रिप उचलून डब्यात ठेवली होती. चार गोळ्या उरलेल्या. टाकून कशाला द्यायच्या?

११ एप्रिल २०२५, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. गावात सासनकाठ्या, गुलाल, बाहेरगावच्या गाड्या. घरी बार्शीहून आलेले पाहुणे. आणि संध्याकाळी मला पुन्हा तीच जळजळ. डॉक्टरांचा दवाखाना बंद झालेला. डबा उघडला, स्ट्रिप मिळाली. एक्स्पायरी बघितली, २०२६ ची. स्वतःवर खूश होऊन रात्री सव्वानऊला भाकरी खाल्ल्यावर एक गोळी घेतली. शहाणपण एक्स्पायरी बघण्यापुरतंच.

पावणेअकराला थंडी वाजून आली. एप्रिलात, कोल्हापुरात, पंखा बंद करून दोन चादरी. लघवीचा ताप असेल म्हटलं. साडेबाराला डोकं दुखायला लागलं आणि पहिल्या कळेतच मी ओळखलं. तेच डोकं. माणूस गर्दीत पाठमोरा असला तरी चालीवरून ओळखू येतो तसं. अंधारात हनुवटी खाली नेऊन बघितली, अर्ध्यात अडकली. नवऱ्याला उठवलं आणि म्हटलं, "जुलैतलं परत आलंय." तो उठून बसला आणि बराच वेळ नुसता माझ्याकडं बघत राहिला. मला त्या रात्री भीती वाटली ती मरणाची नाही, परत परत येण्याची. एकदा आलेला आजार हा अपघात. दोनदा आला म्हणजे घर बघून गेला.

पहाटे चारला त्याच हॉस्पिटलात. यात्रेमुळं रस्ते त्या वेळीही जागे होते. पुन्हा डिपॉझिट, पुन्हा एमआरआय, पुन्हा मुटकुळं. या वेळी पेशी ४२०, प्रोटीन ११०, साखर पुन्हा नॉर्मल. पुन्हा त्याच बाटल्या.

शनिवारी दुपारी न्यूरॉलॉजिस्ट आले. वय पस्तीसच्या आसपास, आवाज हळू. जुनी फाईल त्यांनी उभ्या उभ्या वाचली आणि मग खुर्ची ओढून बसले. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण फाईल वाचून बसलेले ते पहिलेच. म्हणाले, "ताई, चालू गोळ्या विचारत नाही. ताप यायच्या आधीच्या आठ दिवसांत तोंडात काय काय गेलं ते सांगा. चूर्ण, काढा, डोकेदुखीची गोळी, शेजारणीनं दिलेलं, काहीही."

मी म्हटलं, "काल रात्री लघवीसाठी एक गोळी घेतली. घरात होती."

"कुठली?"

नाव आठवेना. लांबट, पांढरी, एवढंच. "आणि जुलैत?"

तिथं मात्र माझ्या पोटात खड्डा पडला. कारण ती गोळी जुलैतलीच होती.

नवरा घरी जाऊन अख्खा डबाच घेऊन आला. तो माझ्या पायाशी चादरीवर पालथा केला. डॉक्टरांनी त्यातून स्ट्रिप उचलली आणि उजेडाकडं धरली. सात घरं फुटलेली, तीन भरलेली. सहा घरांची चांदी जुनी, दबलेली, डब्यात घासून काळवंडलेली. सातव्याची कड अजून धारदार चमकत होती. "सहा तेव्हाच्या आणि एक कालची," ते म्हणाले. नवऱ्याला त्यांनी मेडिकलमध्ये फोन करायला सांगितला. दुकानदारानं मोबाईल नंबरवरून कॉम्प्युटरवर बिल काढून दिलं, २३ जुलै. (ही सोय बऱ्याच मेडिकलमध्ये असते. बिल मोबाईल नंबर सांगून घ्या, कागद हरवला तरी नोंद राहते.) मग त्यांनी औषधाच्या जाहिरातीच्या पॅडवर दोन ओळी लिहिल्या. वरच्या ओळीत २३ जुलै रात्र, गोळी, आणि बाण काढून २५ जुलै संध्याकाळ, डोकं. खालच्या ओळीत ११ एप्रिल सव्वानऊ, गोळी, आणि बाण काढून पावणेअकरा, थंडी. 'पावणेअकरा'ला त्यांनी गोल केला. पहिल्यांदा दोन दिवस, दुसऱ्यांदा दीड तास. शरीरानं एकदा ओळखलेलं औषध पुन्हा आलं की प्रतिक्रिया लवकर उमटते, हे या आजाराचं ठरलेलं लक्षण, असं ते म्हणाले. तो कागद मी मागून घेतला, अजून फाईलला लावलेला आहे.

त्यांच्याकडून समजलं ते माझ्या शब्दांत सांगते. औषधामुळं होणाऱ्या या मेंदूज्वराच्या यादीत सगळ्यात जास्त नाव येतं ते आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचं. अँटिबायोटिकमध्ये पहिलं नाव को-ट्रायमोक्साझोलचं. अमॉक्सिसिलिननंही झाल्याची उदाहरणं आहेत. इंजेक्शनातून देतात त्या इम्युनोग्लोब्युलिननंही होतं. हा औषध मेंदूला विषारी असल्याचा प्रकार नव्हे. प्रतिकारशक्तीनं काही जणांत दिलेली ही उलटी प्रतिक्रिया मानली जाते. बायकांत जास्त दिसतं, आणि ल्युपस, शोग्रेन असे प्रतिकारशक्तीचेच आजार असणाऱ्यांत तर आणखी. म्हणून माझी एएनए तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. आणि को-ट्रायमोक्साझोल ही एक गोळी असली तरी आत दोन औषधं असतात, ट्रायमेथोप्रिम १६० मिलिग्रॅम आणि सल्फामेथॉक्साझोल ८०० मिलिग्रॅम. दोघांतलं गुन्हेगार कोण? नुसत्या ट्रायमेथोप्रिमनंही असं झालेलं नोंदलेलं आहे. माझ्यात कोण हे शोधायचं तर एकेक देऊन बघावं लागेल, आणि ते कुणी करणार नाही. म्हणून दोन्ही बंद, जन्मभर.

मी विचारलं, "मग ही सलाईनमधली अँटिबायोटिक कशाला चालू ठेवलीत?"

"हे निदान शेवटी करायचं असतं ताई, बाकी सगळं नाही म्हटल्यावर. गोळीमुळं झालं असेल तर दोन-तीन दिवस जास्तीची औषधं गेली, एवढंच नुकसान. जंतूमुळं झालं असेल आणि मी आत्ता थांबवली, तर पुन्हा संधी मिळत नाही."

हे मला पटलं, आणि कुणी वाचून 'माझंही औषधानंच झालंय, पाणी काढू नका, सलाईन नको' असं म्हणू नये म्हणून इथं जसंच्या तसं लिहिलंय. कल्चर कोरं येईपर्यंत मीही 'कदाचित'च होते.

ते कल्चर यायला वेळ लागला. १३ ला रविवार, १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी. पडून राहणं एवढंच काम. ताप शनिवारी रात्रीच उतरला, मान रविवारी सुटली, पण आता वेगळंच डोकं दुखायला लागलं. उठून बसलं की दुखायचं, आडवं झालं की पाच मिनिटांत थांबायचं. मी घाबरून सिस्टरना बोलावलं. त्या हसल्या, "हे पाणी काढल्याचं आहे हो, आजाराचं नाही." सुईच्या भोकातून थोडं पाणी झिरपत राहतं त्यामुळं होतं म्हणे. भरपूर पाणी प्या, पडून राहा, कॉफी घ्या. वॉर्डातल्या मावशींनी कुठूनतरी दोन वेळा कॉफी आणून दिली. मला चारेक दिवस लागले. डोकं बसल्यावर दुखतंय की झोपल्यावर, एवढं नीट बघून सांगता आलं तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. आठवड्यानंतरही थांबलं नाही तर मात्र पुन्हा दाखवायला या, असं त्यांनी कार्डावर लिहिलं होतं.

मंगळवारी, १५ एप्रिलला डिस्चार्ज. आता विमा. टीपीएनं (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या संस्थेनं) कॅशलेस अडवलं. एकाच आजारासाठी आठ-नऊ महिन्यांत दोनदा भरती का, आधीपासूनचा काही आजार लपवलाय का, अशी चौकशी. आम्ही ६१,४०० रुपये भरून बाहेर पडलो आणि क्लेम नंतर टाकायचं ठरवलं.

डिस्चार्ज कार्डाचा मसुदा आला तेव्हा त्यात 'रुग्णानं स्वतःहून घेतलेली गोळी' असं वाक्य होतं. नवऱ्याचं म्हणणं, डॉक्टरांना सांगून हे काढून घेऊ, नाहीतर विमावाले याच्यावरच बोट ठेवतील. मलाही तो मोह झाला. पैशापेक्षा लाजेनं. शिकलेली बाई, मनानं अँटिबायोटिक खाते, हे कागदावर कायमचं. रात्रभर विचार केला. मग वाटलं, ते वाक्य काढलं तर सव्वानऊ आणि पावणेअकराही जातात, आणि कार्डावर उरतो पुन्हा एक 'व्हायरल असावा'. वाक्य राहू दिलं.

क्लेमसाठी लागलेले कागद: दोन्ही वेळची डिस्चार्ज कार्डं, दोन्ही वेळचे पाण्याचे रिपोर्ट, जुलैचं मेडिकलचं बिल, मूळ पावत्या, आणि 'हा आधीचा आजार नसून औषधाची प्रतिक्रिया आहे' असं न्यूरॉलॉजिस्टचं लेटरहेडवरचं पत्र. या शेवटच्या पत्रानं काम झालं. ते डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या. मी नंतर मागायला गेले तर डॉक्टर रजेवर, नऊ दिवस गेले. आमच्या पॉलिसीत कागद द्यायची मुदत तीस दिवसांची होती, चोविसाव्या दिवशी दिले. एक्केचाळीस दिवसांनी ५५,९०० जमा झाले. हातमोजे, डायपर वगैरे कापून. स्वतःहून घेतलेल्या गोळीबद्दल एका शब्दानं कुणी विचारलं नाही.

एक काम मात्र मला अजिबात माहीत नव्हतं, ते म्हणजे औषधाच्या दुष्परिणामाची सरकारकडं नोंद करता येते. २०१० पासून देशात औषध सुरक्षेचा हा कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. डॉक्टरांचा फॉर्म वेगळा, सामान्य माणसासाठी वेगळा, सोपा. फोनही करता येतो, १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत, कामाच्या दिवशी कामाच्या वेळेत. औषधामुळंच झालंय हे सिद्ध करावं लागत नाही, शंका पुरते. नाव गुप्त राहतं, फॉर्मवर नुसती आद्याक्षरं. औषधाचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, कधी सुरू, कधी बंद, काय झालं. बॅच नंबर स्ट्रिपच्या टोकावर छापलेला असतो आणि आपण गोळ्या नेमक्या त्याच टोकाकडून कापत येतो. आमच्या स्ट्रिपवर तो शाबूत होता हे नशीब.

माझा फॉर्म डॉक्टरांनी भरला, माझ्यासमोर बसून. त्यात दोन प्रश्न होते. औषध बंद केल्यावर त्रास कमी झाला का? औषध पुन्हा दिल्यावर त्रास परत आला का? "हा दुसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो," ते म्हणाले, "मुद्दाम कोण देऊन बघणार?" आणि त्यात त्यांनी 'हो' लिहिलं. आयुष्यात केलेल्या मूर्खपणाचा असा उपयोग झालेला मी दुसरा बघितलेला नाही.

घरी आल्यावर आत्या डब्याजवळ जाईनात. स्ट्रिप आपण ठेवली म्हणून हे झालं, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. जेवताना काही बोलायच्या नाहीत. मी त्यांना सांगितलं, तुम्ही ठेवली म्हणून तर सापडलं. त्यांना ते अर्धंच पटलं. गोळीत खोट नाही हेही सांगून बघितलं. जुनी, स्वस्त, लाखो लोकांना रोज बरी करणारी गोळी आहे, माझ्या शरीराशी जमली नाही इतकंच. त्यावर त्या म्हणाल्या, "व्हय, सून चांगली आन् सासूबी चांगली, पर जमंना, तसंच की." मग पहिल्यांदा हसल्या.

पुढं सप्टेंबरात पुन्हा जळजळ. या वेळी आधी कल्चर केलं, सहाशे रुपये, तीन दिवस थांबले, पाणी पीत राहिले. रिपोर्टमध्ये ई. कोलाय, आणि खाली औषधांची यादी, कुठलं लागू पडतं, कुठलं नाही. को-ट्रायमोक्साझोलसमोर ठळक 'एस', म्हणजे लागू पडणारं. लॅब जंतूचं सांगते, माझं नाही. तो कागद घेऊन गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेले आणि सोबत न्यूरॉलॉजिस्टनी दिलेलं कार्ड ठेवलं. त्यावर लाल पेनानं तीन नावं आहेत, औषधाची मूळ नावं, कंपनीची नाहीत. कंपन्यांची नावं ढीगभर असतात, ती पाठ करून उपयोग नाही. डॉक्टरांनी कार्ड दोनदा वाचलं. चष्मा काढला. "मीच लिहून दिलेली की हो ती," म्हणाले. मग माझा जुना केसपेपर काढून त्यावर तीनही नावं उतरवून घेतली आणि नायट्रोफ्युरान्टोइन लिहून दिली.

ती गोळी मी त्या दिवशी घेतली नाही. रविवारपर्यंत थांबले, नवरा घरी असेल म्हणून. डॉक्टरांना विचारून थांबले, आणि ताप नव्हता म्हणून ते हो म्हणाले. रविवारी सकाळी नाश्ता करून बरोबर सव्वानऊला घेतली. वेळ मुद्दाम तीच निवडली नव्हती, घड्याळात बघितलं तेव्हा लक्षात आलं. नवरा पेपर वाचत होता, म्हणजे एकच पान उघडून बसला होता. आत्या माझ्यासमोर जमिनीवर बसून लसूण सोलत होत्या. एवढा लसूण आमच्या घरात महिन्याला लागत नाही.

पावणेअकरा झाले. मी हनुवटी छातीला टेकवून बघितली. आत्या मान वर करून बघत होत्या. अकरा झाले. मी परत टेकवली. साडेअकराला त्यांनी लसणाचं ताट उचललं, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "आता भाकरी टाकू का नको?"